पालथं झोपा, आणि पायाकडे लक्ष द्या

1956 साल. न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. कंबर धरलेला एक रुग्ण रॉबिन मॅकेंझी या फिजिओथेरपिस्टकडे आला. पायातही कळ जात होती. मॅकेंझींनी त्याला टेबलावर पालथं झोपायला सांगितलं आणि ते दुसऱ्या कामात गुंतले. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी वर उचललेली, ती तशीच राहिली होती. हा बापडा कंबर मागे वाकलेल्या स्थितीत मुकाट पडून राहिला. मॅकेंझी परतले आणि धसकलेच. पण रुग्णाच्या पायातली कळ थांबली होती!

धसकायला कारण होतं. तेव्हा जोर होता तो पुढे वाकण्यावर. अमेरिकी सर्जन पॉल विल्यम्स यांनी 1937 मध्ये मांडलेले व्यायाम सगळीकडे चालायचे: उताणं पडा, गुडघे छातीशी घ्या, कंबरेची खोलगट कमान सपाट करा. मॅकेंझींनी मात्र त्या दिवसानंतर कंबर कुठल्या दिशेनं वाकवली की कळ कमी होते, याचाच शोध घेतला.

आता मॅकेंझींचा हा व्यायाम नीट बघा. पालथं झोपून तळहात खांद्यांखाली. हात सरळ होतायत, छाती वर येतेय, पण कंबर सैल आहे, ओटीपोट सतरंजीला टेकलेलं आहे. वर, खाली, साधारण दहा वेळा. लक्ष ठेवायचं ते पायाकडे. पोटरीपर्यंत जाणारी कळ मांडीत आली, मग कुल्ल्यात, मग नुसती कंबरेत उरली, तर दिशा बरोबर. कंबर थोडी जास्त ठणकली तरी हरकत नाही. कळ उलटी पायात उतरू लागली, की थांबायचं. काहींना हीच दिशा मानवत नाही. त्यांना पुढे वाकूनच बरं वाटतं.

1996 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन यांना वेगळंच काही दिसलं. आपण हात उचलण्याआधीच पोटाचा सर्वांत खोल स्नायू आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला उशीर होतो. पुढे ‘कोअर’चं, म्हणजे पोट-कंबरेच्या खोल स्नायूंच्या व्यायामांचं जे पेव फुटलं, त्याला इथूनच बळ मिळालं. जाहिरातींनी ते जरा जास्तच ताणलं.

मग यातली सरस पद्धत कोणती? उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात तब्बल 249 चाचण्या तपासल्या गेल्या. जुनाट कंबरदुखीत काहीच उपचार न करण्यापेक्षा व्यायामानं दुखणं कमी होतं, हे त्यातून दिसलं. पद्धतींमधला आपसातला फरक त्या मानानं लहान. तेव्हा शिकवणारा जवळ आहे आणि आपल्याच्यानं रोज होईल, ती पद्धत धरावी.

कंबर नुकतीच धरली असेल, तर मात्र गोष्ट निराळी. फिनलंडमध्ये 1995 च्या अभ्यासात काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, तर काहींना जमेल तेवढी रोजची कामं करा म्हणून सांगितलं. लवकर सावरले ते कामं करणारे. व्यायामाच्या फिल्ममध्ये हे सांगायला जिवावर येतं, पण खरं आहे. आणि लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर सतरंजी गुंडाळून थेट दवाखाना गाठायचा.

बरी झालेली कंबर पुन्हा धरते, ही खरी डोकेदुखी. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 701 जणांच्या चाचणीत एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली चालायला लावलं. न चालणाऱ्या गटात निम्म्या जणांचं दुखणं 112 दिवसांत उलटलं, चालणाऱ्यांत त्याला 208 दिवस लागले. आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास हे लक्ष्य, तेही सहा महिन्यांत हळूहळू गाठायचं.