मूळचे कुठले?

बडोद्याचा दांडिया बाजार, सकाळचे सात. खिडकीच्या गजांतून ऊन थेट ओट्यावर येतंय आणि काकू आमटीत गूळ टाकतायत, खडा जरा मोठाच आहे, मुंबईची नणंद जेवायला आली की दरवेळी म्हणते, वहिनी, गोड झालंय हं. काकू भाजीला शाक म्हणतात, एकादशीला अगियारस, देवघरात विठोबा आणि शेजारच्या बेनशी गप्पा अस्सल गुजरातीत. चार पिढ्या झाल्या इथे. तरी नवा माणूस भेटला की विचारतोच, तुम्ही मूळचे कुठले?

मूळचं काढायचं तर काळ्या घोड्यावरचे हे सयाजीराव तरी कुठे इथले! नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ, १८७५ मध्ये बाराव्या वर्षी बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक आला तेव्हा धड लिहिता-वाचताही येत नव्हतं, मग मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं बसून शिकला. घरची भाषा मराठीच राहिली, पण रयत बहुतेक गुजराती, म्हणून १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा खेड्यापाड्यातली पोरं आपल्या गुजरातीतच शिकली. १९३१ मध्ये कारभाराचा शब्दकोश छापला, त्यात इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली असे प्रतिशब्द, एक भाषा आणायला दुसरी हाकलावी लागली नाही. आणि याच राजावर १९११ च्या दिल्ली दरबारात बेइमानीचा ठपका आला, का तर बादशहापुढे नीट झुकले नाहीत, पाठ फिरवून परतले. इमान होतं ना, पण ते इथल्या मातीशी.

आता हा जुना फोटो. मार्च १९४७, रणजी फायनल, बडोदा विरुद्ध होळकर, मॅच आपल्याच गावात. ३ बाद ९१ वर दोघं एकत्र आले, सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचे गुल महंमद, आणि ५७७ रन्सची पार्टनरशिप केली! हजारे २८८, गुल ३१९. कुठल्याही विकेटसाठीचा हा वर्ल्ड रेकॉर्ड २००६ पर्यंत टिकला. पाच महिन्यांत फाळणी झाली, गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले, १९५६ मध्ये त्यांच्याकडून एक टेस्टही खेळले. हजारे भारताचे कॅप्टन झाले, आणि २००४ मध्ये गेले ते इथेच, बडोद्यात. पण त्या दिवसाचे ५७७ बडोद्याचे, त्यात सांगलीचे किती आणि लाहोरचे किती असा हिशोब मला तरी करवत नाही.

१ मे १९६० ला दोन राज्यं झाली. काकूंच्या सासऱ्यांनी सामान बांधलं नाही. मराठी शाळेतली मुलं कमी होत गेली, नातू मराठी बोलतो पण वाचता येत नाही.

हा तोच नातू, गणपतीसमोर. हातातला कागद जवळून बघा, आरती मराठी, अक्षरं गुजराती, काकूंनी स्वतः लिहून दिलीत.