गोधडीचा भाव कोण ठरवणार?

नमस्कार मंडळी. दुपारची वेळ आहे, जेवणं झाली असतील, काहीजणी हातात काही काम घेऊनच रेडिओ ऐकत असतील, कोणी लोकर विणतंय, कोणी मण्यांचं तोरण, कोणी कापडी बाहुल्या. हातातलं काम खाली ठेवू नका, करता करता ऐका. मी गोधड्या शिवते, आमच्या सातारा भागात वाकळ म्हणतात, आणि गेली नऊ वर्षं त्या विकते, तर त्या विकण्याबद्दलच आज बोलणार आहे.

सुरुवातीला मी एक मोठी गोधडी, पाच बाय सातची, 1,200 रुपयांना द्यायचे. लोक म्हणायचे छान आहे, घेऊन जायचे, मलाही वाटायचं धंदा चाललाय. मग एकदा माझ्या मुलीने वही काढली आणि म्हणाली आई, या वेळी रोज किती वेळ बसतेस ते लिही. मी लिहिलं. दुपारचे तीन तास, असे बावीस दिवस, म्हणजे 66 तास. अस्तराचं नवीन कापड, दोरा, सुया धरून 450 रुपये खर्च. 1,200 मधून 450 गेले, राहिले 750, आणि 66 तासांनी भागले तर तासाला 11 रुपये आणि वर काही पैसे. आमच्याकडे खुरपणीला गेलं तरी दिवसाचे 300 मिळतात हो. त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते.

म्हणून माझी सगळ्यांना पहिली विनंती हीच, भाव ठरवायच्या आधी एकदा, फक्त एकदा, तास लिहून काढा. शेजारणीने किती लावलाय, दुकानात मशीनची रजई कितीला मिळते, ते नंतर बघा. मी तासाला 45 रुपये धरले, त्याचे झाले 2,970, त्यात 450 सामान, म्हणजे 3,420, मग पॅकिंग, स्टॉलचं भाडं, कधी एखादं कापड फाटतं ते धरून 3,800 भाव लावला. पहिले दोन महिने एकही गेली नाही. घरात सगळे म्हणायला लागले की कमी कर. मी नाही केला, पण मला हे कळलं की नुसता भाव वाढवून चालत नाही, त्यात काय मेहनत आहे ते माणसाला दिसायला पाहिजे.

ते कसं दिसलं ते सांगते. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रा असते ना, तिथे आमच्या बचत गटाला जागा मिळाली होती. पहिल्या दिवशी मी गोधड्या घडी घालून नीट रचून ठेवल्या आणि मागे खुर्चीवर बसले. लोक यायचे, हात लावायचे, मशीनवर केलंय का विचारायचे, भाव ऐकून पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी मला नुसतं बसवेना, म्हणून एक अर्धवट गोधडी स्टॉलच्या पुढेच पसरली आणि शिवायला घेतली. काठापासून सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत मधोमध जायचं, एक एक धावदोरा, बारीक, सरळ. अहो लोक थांबायला लागले! एक आजोबा माझ्यासमोर अर्धा तास उभे होते, त्यांच्या आईची आठवण सांगत होते. कोणी भाव कमी करा म्हटलं नाही असं नाही, पण संध्याकाळपर्यंत चार गेल्या, 3,800 नेच.

तेव्हापासून मोबाईलवरही मी तेच करते. तयार गोधडीचा फोटो कमी आणि शिवतानाचा व्हिडिओ जास्त. सकाळी आठ-नऊच्या उजेडात, दाराजवळ, फ्लॅश न लावता. गोधडीची मागची बाजू आवर्जून दाखवते, कारण हाताचा टाका मागून ओळखू येतो. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग केलाय, त्यात माप, वजन, भाव, किती दिवस लागतील सगळं लिहिलंय, त्यामुळे तेच तेच उत्तर द्यायला लागत नाही. आणि गावाचं नाव, शिवणाऱ्या बाईचं नाव प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात छोट्या पट्टीवर शिवते. तुम्हाला आठवत असेल, 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, केवढा गलका झाला, मग त्यांनी मान्य केलं. कोल्हापुरीला 2019 पासून जीआय, म्हणजे ही वस्तू त्या भागाचीच अशी सरकारी नोंद, आहे म्हणून बोलता तरी आलं. आपल्या छोट्या वस्तूला जीआय नसेल, पण नाव लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता खरी वाढ कशाने झाली ते. एका बाईंनी फोन केला, त्यांची आई वारली होती, कपाटभर साड्या होत्या, देऊन टाकवत नव्हत्या. म्हणाल्या याचं काही करता का. मी सहा सुती साड्यांची एक मोठी आणि नातवासाठी एक दुपटं केलं. पार्सल उघडल्यावर त्यांनी फोन केला आणि बोलताच येईना त्यांना. त्या एका गोधडीवरून त्यांच्या नात्यातल्या, सोसायटीतल्या, अमेरिकेतल्या बहिणीच्या ओळखीतल्या अशा अकरा ऑर्डर आल्या, मी एक रुपयाची जाहिरात केली नव्हती. आता निम्म्याहून जास्त काम हेच, लोकांच्या स्वतःच्या साड्यांचं. पण यात नियम पाळावे लागतात. साड्या आल्या की आधी उजेडात धरून बघते, विरलेली असेल तर आतल्या थरात घालते आणि तसं सांगते. नायलॉन घसरतं, टाका धरत नाही, ते नाही घेत. कुठला काठ वर पाहिजे, कुठला पदर मधे, ते विचारून, मांडून, फोटो पाठवून, हो आल्याशिवाय कात्री लावत नाही. कारण ती साडी परत आणता येत नाही.

पैशाचं पण स्पष्ट बोलायला शिका. एका शहरातल्या दुकानाने माझ्या दहा गोधड्या विकल्यावर पैसे देतो म्हणून ठेवून घेतल्या, कागद काही केला नाही, त्यातल्या सहांचे पैसे अजून आले नाहीत. आता ओळखीचं असो नसो, अर्धे आधी, अर्धे पार्सल निघायच्या आधी. कुरियरमध्येही मी खूप घालवलेत. ते लोक नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी 5,000 ने भागतात आणि जे जास्त येईल त्याचे पैसे घेतात. अडीच किलोची गोधडी 40 बाय 30 बाय 20 च्या खोक्यात घातली तर ती 4.8 किलो धरतात. तीच घट्ट दाबून, दोरीने बांधून 10 सेंटिमीटर उंचीत बसवली तर 2.4 येतं, मग फक्त अडीच किलोचेच पैसे.

सरकारी कागदांचं थोडक्यात, कारण सगळ्या विचारतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते, आधार लागतं, आणि ती फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कामं आहेत, शिंपी, टोपल्या-चटया-झाडू करणारे, बाहुल्या-खेळणी करणारे त्यात येतात, प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी 15,000 पर्यंत, आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत 5 टक्क्यांनी. आपलं काम त्यात बसतं का ते सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या सेवा केंद्रात, जाऊन विचारा.

आज आम्ही सातजणी आहोत. एक गोधडी एकीनेच शिवायची असं ठरवलंय, कारण दोघींचा टाका एकसारखा पडत नाही आणि ते नजरेला लगेच कळतं. जून-जुलैत ऑर्डर घेत नाही, पेरणी असते, शिवाय पावसात कापड वाळत नाही, कुबट वास धरतं. गिऱ्हाईकाला तसं सांगितलं की थांबतात. दिवाळीसाठीची नोंदणी आम्ही मे महिन्यातच करून टाकतो.

आमच्यातली एक शेवंताकाकू म्हणून आहेत, पासष्ट वर्षांच्या, आयुष्यभर घरच्यांसाठी गोधड्या शिवल्या, कधी कोणी एक रुपया दिला नव्हता. पहिले 2,900 हातात आले तेव्हा त्यांनी ते मोजले नाहीत, नुसते पदरात बांधून घरी नेले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, पुढची साडी कुठली घेऊ?

माझी वेळ संपत आली. पिशवीत एक दुपटं आणलंय, काठाचे दोन फेरे राहिलेत, आता गाणं लागलं की बाहेर बाकावर बसून ते पुरं करते, संध्याकाळच्या एसटीने वाईला बाळाकडे जायचंय ते. नमस्कार.