कड राखून

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, सकाळ. शटर वर जातं. लेथ सुरू होतो.)

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शटरं वर गेली की गल्लीत दोन वास मिसळतात, धातू कापताना सोडायच्या कूलंटचा आणि कोपऱ्यावरच्या चहाचा. लेथ, ड्रिल, मिलिंग, आणि मधूनच एखादं बफिंगचं मशीन. गरगर फिरणारं कापडी मॉप, त्यावर चोळलेली पॉलिशची वडी. पितळ धरा, स्टील धरा, बघता बघता आरसा होतो.

आण्णांच्या शेडमध्येही असं मशीन आहे. तीसेक वर्षं ते त्यावर दुसऱ्यांचे जॉब चमकवतायत. आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ त्यांनी या मॉपला एकदाही लागू दिलेलं नाही.

(दृश्य: मनगट, अगदी जवळून.)

रोलेक्स एक्स्प्लोरर. 36 मिलिमीटरची स्टीलची केस, म्हणजे बाहेरचं कवच, काळी तबकडी, तबकडीवर 3, 6 आणि 9 एवढेच आकडे. एव्हरेस्ट सर झालं ते 1953 साली, आणि एक्स्प्लोरर हे नावही त्याच वर्षीचं. आण्णांचं घड्याळ पुष्कळ नंतरचं. पण या केसमागची कल्पना 1926 सालापासूनची आहे: बेझल (काचेभोवतीची कडी), मागचं झाकण आणि चावी, तिन्ही आटे पाडून घट्ट बसवायचे, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरत नाही. आटे, फिटिंग, बारीक माप. उद्यमनगरातला माणूस या घड्याळाच्या प्रेमात का पडला, ते सांगायला नको.

(दृश्य: मंगळवार पेठ. घरातलं जेवणाचं टेबल. नात मोबाइलचा टॉर्च धरून उभी.)

सुट्टीचा दिवस. टेबलावर मोठं ताट, ताटात पांढरा टॉवेल. आज आण्णा घड्याळ साफ करणार. हे काम बेसिनमध्ये करायचं नाही. पट्ट्याची पिन उडाली तर ती ताटात सापडते, बेसिनच्या जाळीतून गेली की गेली.

आधी चावी. ती पूर्ण आत फिरवून बसवली आहे ना, हे आण्णा बोटांनी तपासतात. जोर लावत नाहीत, फक्त खात्री करतात. या घड्याळाची पाण्याच्या दाबाची चाचणी मागच्याच सर्व्हिसिंगला झालीय, म्हणून आज पाण्याला हात लावायचा. ज्या घड्याळाचं रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी कडी, वर्षानुवर्षं बदललेलं नाही, त्याला ओलं फडकंसुद्धा बेतानंच. रबर कडक होतं, आणि काही घड्याळांच्या तबकडीवर '100 मीटर' लिहिलेलं असतं, ते मात्र तसंच राहतं. तबकडी रबरासारखी जुनी होत नाही, म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही.

मागचं झाकण उघडलेलं या फिल्ममध्ये कुठंच दिसणार नाही. ते घरी उघडायचं नसतं.

(दृश्य: लगच्या छिद्रातून पिन दाबतानाचा क्लोजअप.)

पट्टा केसला जिथं अडकतो ते चार पाय, त्यांना कारागीर लग म्हणतात. आण्णांच्या घड्याळाच्या लगला बाहेरून आरपार छिद्रं आहेत. बारीक सुई आत ढकलली की आतली स्प्रिंगची पिन दबते आणि पट्टा सुटतो. सुई घसरली तर लगवर रेघ उमटणार, म्हणून सुईच्या आजूबाजूला आधीच टेप.

पट्टा सुटला. आता बघा.

(दृश्य: केस आणि पट्ट्याच्या सांध्यातला मळ. निवेदन थांबतं.)

राखाडी, चिकट. घाम, मेलेली त्वचा, तेल, आणि कोल्हापुरात आणखी एक गोष्ट: वाळू. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. या शहराचा मोठा उद्योग ओतकामाचा, आणि ओतकामाचे साचे वाळूचे. तिची पूड हवेत असते, बाहीवर बसते, घड्याळाच्या सांध्यात साचते. वाळूतला क्वार्ट्झ केसच्या स्टीलहून कठीण असतो. कोरड्या रुमालानं घड्याळ पुसलं की हीच पूड पॉलिश पेपरसारखी फिरते. केसवरचे केसासारखे ओरखडे बऱ्याचदा आपटून नाही, असं प्रेमानं पुसूनच येतात.

म्हणून आधी धुणं. गुजरीतले सराफ दागिना रिठ्याच्या पाण्यात घालतात, तसंच हे. एक वाटी कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. लहान मुलांचा मऊ टूथब्रश. टूथपेस्ट अजिबात नाही, तिच्यात घासणारी पूड असते.

(दृश्य: ब्रश लगच्या आतल्या बाजूनं फिरतो. पाणी गढूळ होतं. फक्त ब्रशचा आवाज.)

बेझलच्या खालच्या खाचेत ब्रश पोचत नाही. तिथं लाकडी टूथपिक, टोक पाण्यात भिजवून मऊ केलेलं. लोखंडी टाचणी कधीच नाही. मळ सुटून येतो तो चुरा होऊन नाही, दोऱ्यासारखा. तो दोरा नातीनं चिमटीत धरलेला दिसतोय. एवढ्याशा खाचेत इतका मळ होता. घामातलं मीठ अशा जागी साचून राहिलं तर चांगल्या स्टीललासुद्धा बारीक खड्डे पाडतं.

दोन वेळा स्वच्छ पाणी. मग मऊ सुती कापडावर टिपायचं, चोळायचं नाही. रबरी ब्लोअरनं सांध्यातलं पाणी उडवायचं. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

खरं सांगायचं तर निम्म्या घड्याळांचं काम इथं संपतं. मळ गेला की जे उरतं ते मूळ फिनिश, आणि ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं. मी स्वतः हे या टेबलावर पाहिलं, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

(दृश्य: धुतलेली केस खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरते.)

आता केसचे दोन पृष्ठभाग ओळखा. लगच्या वरच्या बाजूवर बारीक समांतर रेघा आहेत, हे ब्रश फिनिश. बाजूचा भाग आणि बेझल आरशासारखे, हे पॉलिश. आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं एक कड आहे. सरळ, धारदार. बोट फिरवलं तर नखाला जाणवते.

घड्याळ बनवणाऱ्याची कारागिरी त्या कडेत आहे. फिरत्या मॉपला वरचा भाग कुठला, बाजू कुठली, हे कळत नाही. ते कडेवरून गेलं की कड गोल होते, आणि एकदा गोल झाली की ती पुन्हा उभी करायला आणखी धातू काढावा लागतो.

(दृश्य: निळी मास्किंग टेप काचेवर चिकटवून नव्या ब्लेडनं कापली जाते.)

ब्रश केलेला भाग टेपखाली झाकायचा. आण्णा टेप काचेच्या तुकड्यावर ठेवून नव्या ब्लेडनं कापतात, म्हणजे तिची धार सरळ येते. टेप कडेला अगदी टेकली पाहिजे. चार लगना त्यांना पंचवीस मिनिटं लागली. आम्ही सगळी पंचवीस मिनिटं शूट केली, त्यातलं थोडंसंच इथं ठेवलंय.

मग पॉलिशचं औषध मुरवलेलं कापड. बोटाला गुंडाळून, अगदी हलका दाब, एकाच दिशेनं, अर्धा मिनिट. बस.

(दृश्य: पांढऱ्या कापडावर काळा डाग.)

हा काळा डाग मळाचा नाही. मळ मघाशीच धुतला. औषधात मिसळलेला हा केसचा धातू आहे. प्रत्येक पॉलिशमध्ये घड्याळ थोडं कमी होतं. हातानं अगदी नावापुरतं, मशीनवर खूप जास्त.

नात एका ओरखड्यावर टॉर्च रोखून म्हणते, "आजोबा, हा राहिला की."

आण्णा भिंग डोळ्याला लावतात.

"ओरखडा निघत नसतोय पोरी. त्याच्या भोवतीचं लोखंड निघतंय."

हिशेब साधा आहे. 0.1 मिलिमीटर खोल ओरखडा घालवायचा तर ती सगळी बाजू 0.1 मिलिमीटरनं खाली आणायची. लगची छिद्रं कडेजवळ येतात, त्यांची तोंडं पसरतात. खोल खड्डा लेझर वेल्डिंगनं भरून घेता येतो, पण ते काम जाणकार कारागिराचं. जास्त घासलेल्या केसची किंमत संग्राहकांच्या बाजारात घसरते.

(दृश्य: पट्ट्याच्या लॉकवर हिरव्या घासणीचा तुकडा सरळ रेषेत सरकतो.)

ब्रश फिनिशच्या रेघा पुन्हा उमटवायच्या असतील तर आधी लॉकवर हात बसवायचा. टेबलाला घासून सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो. बारीक घासणी, मूळ रेघांच्या दिशेनं, एकच सरळ ओढ, मग उचलायचं. मागं-पुढं केलं की रेघा वाकड्या होतात. आण्णांनी लॉक केलं. लगच्या वरच्या बाजूला आज हात लावला नाही, गरज नव्हती.

काळा मुलामा असलेली केस, सिरॅमिकची केस, सोन्याचं पाणी दिलेली केस: यांना पॉलिशचं कापड लावूच नका. सोन्याचा मुलामा बऱ्याचदा 10-20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा. माझ्या वडिलांचं घड्याळ तसं होतं. एका दुकानात नवं करून देतो म्हणाले, मशीनवर धरलं. ते हे.

(दृश्य: जुनं घड्याळ, लगच्या टोकांवर उघडं पडलेलं पितळ. पंधरा सेकंद. निवेदन नाही.)

(दृश्य: परत टेबल. टेप निघते.)

टेप हळू, मागच्या दिशेला दुमडत काढायची. तिच्याखालून कड दिसते, सकाळी होती तशीच. टेपचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबानं जातो. पिना लगमध्ये बसतात, एक टक, दुसरी टक. आण्णा पट्टा ओढून बघतात, मग मनगटावर चढवतात.

नात विचारते, वेळ लावायची का.

लागत नाही. दीड तासात चावी उघडलीच नव्हती, सेकंदकाटा चालूच होता.