बारा भागांत बसेल तेवढंच

मंडळी, एखादी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका फसली की आपण दिग्दर्शकाच्या नावानं बोटं मोडतो. त्याआधी तिला भाग किती मिळाले होते, हे विचारायला हवं. बऱ्याचदा गोष्टीचं नशीब तिथंच ठरलेलं असतं.

जपानी टीव्हीचं वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या चार तिमाह्यांत चालतं. एका तिमाहीत साधारण बारा-तेरा भाग बसतात. या हप्त्याला तिथं ‘कूर’ म्हणतात. ज्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, मालिका बनते तिचं मात्र साप्ताहिकात दर आठवड्याला वीसेक पानांचं एकच प्रकरण येतं, आणि ॲनिमेचा एक भाग अशी दोन-तीन प्रकरणं सहज संपवतो. म्हणजे मालिका वर्षभर न थांबता चालवली, तर ती कधी ना कधी मूळ कथेला गाठणारच. ‘नारुटो’नं मग सरळ पाणी घातलं, आपल्याकडच्या रोजच्या मालिका घालतात तसंच. २२० भागांपैकी शेवटचे ऐंशीहून अधिक जवळजवळ सगळेच मांगात नसलेले!

‘फुलमेटल अल्केमिस्ट’नं दुसरी वाट धरली. हिरोमु आराकावांची मांगा मासिकात येत होती, म्हणजे चाल आणखी संथ. बोन्स स्टुडिओनं २००३ साली मालिका सुरू केली तेव्हा कथा अर्धीही झाली नव्हती. ५१ भाग तर ठरलेले. म्हणून उत्तरार्ध आणि शेवट स्वतंत्र रचला गेला. मग २००९ मध्ये त्याच स्टुडिओनं तीच गोष्ट ‘ब्रदरहुड’ नावानं पुन्हा केली, ६४ भागांत, मूळ कथेला धरून. मांगा २०१० च्या जूनमध्ये संपली आणि मालिका जुलैमध्ये.

आता ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी जरा कान झाका. ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याचा मृत्यू पहिल्या मालिकेत पंचविसाव्या भागात येतो, ‘ब्रदरहुड’मध्ये दहाव्यातच. पुढचा मोठा पल्ला गाठायचा म्हणून सुरुवात पळवली. पहिल्या मालिकेत तो माणूस आपल्या घरातला झालेला असतो; दुसरीत त्याची नीट ओळख होईपर्यंत तो गेलेला असतो. गोष्ट म्हणून ‘ब्रदरहुड’ सरस, हे मी मान्य करतो. पण त्या एका मृत्यूसाठी मी अजूनही २००३ कडेच जातो.

आजकाल एक-दोन कूर करून थांबायची पद्धत आहे. भरताड गेली, हे चांगलंच. पण कात्री आली. २०२१ मधला ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा दुसरा हंगाम अकरा भागांचा, त्यात मांगातला गोल्डी पाँडचा अख्खा कथाभाग गायब, आणि शेवटाकडे नुसती धावाधाव.

भाग कमी म्हणजे चित्रकारांना आराम, असंही नाही. प्रक्षेपणाची तारीख आधीच बांधलेली असते. स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांचा कच्चा चित्र-आराखडा, उशिरा आला की मुख्य चित्रं रखडतात, मग त्यांना जोडणारी मधली चित्रं, मग रंग. अगदीच अडलं तर आधीच्या प्रसंगांची उजळणी करणारा भाग मध्ये सरकवतात. त्यात दोन हंगामांमध्ये वर्षं जातात, माणसं दुसऱ्या कामांना लागतात. ‘अटॅक ऑन टायटन’चा पहिला हंगाम २०१३ चा, दुसरा २०१७ चा, आणि शेवटच्या हंगामाला तर स्टुडिओच बदलला, विटकडून मापाकडे.

म्हणून १९९९ पासून जवळपास दर आठवड्याला येत राहिलेल्या ‘वन पीस’नं २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग करायचं जाहीर केलं, तेव्हा माझ्यासारख्या जुन्या प्रेक्षकाला वाईट वाटलं नाही. उलट, हे दहा वर्षं आधी का नाही केलं, एवढंच वाटलं.