धुतल्यावर काय उरतं?

(नौपाडा, ठाणे येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘घरगुती कापडांचे टिकाऊ फिनिश : डाग आणि ताठपणा’. टेबलक्लॉथ, पडदे, चादरी, अभ्रे यांच्यावर गिरणीतून बाहेर पडण्याआधी जी शेवटची प्रक्रिया होते, तिच्याबद्दल मी बोलणार आहे. माझी सगळी नोकरी डोंबिवली एमआयडीसीत एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवून फिनिश देणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये झाली. या विषयावर मला कोणी विचारलं की मी थांबत नाही, म्हणून घड्याळ समोर ठेवायला सांगितलंय.

आधी हात वर करा बघू. भाताच्या पेजेची किंवा साबुदाण्याची खळ घरी कोणी कोणी केली आहे? वा, पुरुषांचेही हात आहेत! मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. पेज गाळायची, पातळ करायची, नऊवारी त्यात बुडवून पिळायची, आणि दमट असतानाच इस्त्री. गाळायचा कंटाळा केला की गडद रंगावर पांढरे ठिपके उठतात. खळीचे कपडे तसेच ट्रंकेत ठेवले तर कसर लागते, कारण तिला पिष्ट आवडतं. म्हणून आपल्या सासवा पावसाळ्याआधी कपडे धुऊन, खळ काढून ठेवायच्या.

ती खळ धुण्यात जाणार हे आपल्याला ठाऊक असतं, कारण ती आपणच घातलेली असते. दुकानातल्या कापडात कोणीतरी घातलेली खळ मात्र आपण कापड समजून विकत घेतो. माझा सगळा राग तिथे आहे.

मागे गणपतीत लेकीच्या सासरची मंडळी जेवायला येणार होती. स्टेशनजवळच्या एका दुकानातून टेबलक्लॉथ आणि नॅपकिनांचा संच आणला. कापड छान ताठ, घडी उलगडली की काठ सरळ उभा राहायचा. वर चिठ्ठी, ‘डागमुक्त’. जेवताना लिंबाच्या लोणच्याचं तेल सांडलं. सगळे हळहळले आणि मी वाकून बघत बसले. थेंब गोल, कापडावर तसाच उभा, खाली कापड कोरडं! मी जावयाला म्हटलं, बघा, याला म्हणतात फिनिश. तेवढ्यात मसालेभाताचं पातेलं कोणीतरी नेमकं त्या थेंबावर ठेवलं. उचललं तेव्हा थेंब नव्हता, रुपयाएवढं पिवळं वर्तुळ होतं.

रात्री साबण लावला तर वर्तुळ लालसर झालं. तो हळदीचा स्वभाव. तिच्यातलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, साबणातल्या अल्कलीत लाल होतं, खळबळून धुतलं की परत पिवळं. पण तेल हलेना. मशीनमध्ये धुतलं, तरी डाग तिथेच. गेला तो फक्त ताठपणा. टेबलक्लॉथ लुळा पडला आणि वीण इतकी विरळ निघाली की उजेडाला धरला तर खिडकीचे गज मोजता येत होते.

दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, “काकू, मशीनमध्ये धुतलंत ना? हे ड्रायक्लीनचं आहे.” मला सांगा, जेवणाच्या टेबलावरचं कापड ड्रायक्लीनला कोण टाकतं?

घरी संचातला एक नॅपकिन न वापरता पडला होता. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणलं आणि कोपऱ्यावर एक थेंब टाकला. तपकिरी थेंब बघता बघता निळा-काळा झाला. पिष्ट. शाळेत बटाट्यावर केलेला हाच प्रयोग. मग धुतलेल्या टेबलक्लॉथवर थेंब टाकला. तो तपकिरीच राहिला. तुम्हीही करून बघा. नवी चादर धुण्याआधी आणि धुऊन वाळवल्यावर तोलून बघितली तरी कळतं, फक्त दोन्ही वेळा हवा सारखी हवी. सुती कापड हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि आपल्या ठाण्याच्या जुलैत तर विचारूच नका.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता भराभर.

डागाला दूर ठेवणारं फिनिश वेगळं आणि डाग धुण्यात सोडून देणारं वेगळं. पहिल्या प्रकाराची सुरुवात अशी. 1953 साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लोरिनयुक्त रसायन एका सहायिकेच्या कॅनव्हासच्या बुटावर सांडलं. बूट मळले, पण ते थेंब पडले तेवढा भाग मळेना. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ यांनी त्यातून स्कॉचगार्ड उभं केलं, 1956 मध्ये ते बाजारात आलं. यात थेंब वर राहतो खरा, पण दाब पडून तेल धाग्यांत शिरलं की तेच फिनिश साबणाच्या पाण्यालाही आत येऊ देत नाही. माझ्या टेबलक्लॉथचं तेच झालं. याच कुळातलं पीएफओएस हे रसायन निसर्गात विघटन पावत नाही, माणसाच्या रक्तात साठतं. थ्रीएमने 2000 साली ते बंद करण्याची घोषणा केली आणि 2009 मध्ये ते घातक, न विघटणाऱ्या रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं.

दुसरा प्रकार मला जवळचा. अ‍ॅक्रिलिक आम्लाचे सहबहुलक, म्हणजे वेगवेगळे रेणू जोडून केलेल्या लांब साखळ्या घ्यायच्या, पॅडिंग मँगलमध्ये, म्हणजे कापड बुडवून पिळणाऱ्या रुळांच्या यंत्रात कापडाला पाजायच्या, स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या गरम यंत्रावर सुकवायचं आणि साधारण 150–160 अंशांना क्युअर करायचं, म्हणजे उष्णतेने पक्कं करायचं. धाग्यावर पातळ पापुद्रा बसतो. धुण्याच्या अल्कलीत त्यातले आम्लगट ऋणभारित होतात, पापुद्रा पाणी पिऊन फुगतो आणि तेलाची पकड सुटून ते गोळा होऊन निघतं. पॉलिएस्टरला तेलाचं फार प्रेम, म्हणून टेरिकॉटसारख्या मिश्र कापडांना याची खास गरज. गंमत अशी की हा पापुद्रा मुळातच कडक असतो. शर्टाच्या कापडाला ते चालत नाही, तिथे आम्ही मऊ करायला धडपडायचो. पण टेबलक्लॉथला, पडद्याला तोच कडकपणा हवा! एकाच फिनिशमध्ये डागही सुटतो आणि ताठपणाही टिकतो. मग पिष्ट कशाला भरायचं?

आणखी ताठपणासाठी मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडची रेझिनं वापरतात. ती टिकतात, पण सुती धाग्याची ताकद कमी करतात आणि फॉर्मल्डिहाइड सोडतात. तो वायू कर्करोगकारक असल्याचं आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, 2004 मध्ये नक्की केलं. नव्या पडद्यांचा झणझणीत वास आला की आधी धुवा, मग लावा.

घरी एवढं सांभाळा. डाग सोडणाऱ्या फिनिशच्या कापडाला फॅब्रिक कंडिशनर घालू नका. तो धनभारित, फिनिश ऋणभारित. तो चिकटून बसतो आणि डाग सुटणं बंद होतं. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं. हळदीचा रंग मात्र कोणतंही फिनिश पूर्ण सोडवत नाही, कारण कर्क्युमिन सुताला सरळ रंगवतं. त्याला ऊन दाखवा.

आता माझं मागणं. अमेरिकेला जाणाऱ्या मालाची डागाची चाचणी होते. कापडावर मक्याचं तेल टाकायचं, 2.27 किलोचं वजन साठ सेकंद ठेवायचं, धुवायचं आणि राहिलेल्या डागाला 1 ते 5 श्रेणी द्यायची, 5 सगळ्यात चांगली. वजन ठेवतात, लक्षात आलं? मसालेभाताचं पातेलं! वीस धुण्यांनंतरही तीच चाचणी घेता येते. निर्यातीचा ग्राहक ही श्रेणी मागतो, म्हणून त्याला मिळते. ठाण्यातल्या गृहिणीला ‘डागमुक्त’ एवढीच चिठ्ठी का? फिनिश कोणतं, किती धुण्यांनंतर कोणती श्रेणी आणि फॉर्मल्डिहाइड किती, एवढं आपल्या कापडावर मराठीत छापलं पाहिजे.

एकेकट्याने दुकानात विचारून फारसं होणार नाही, हे मी अनुभवलंय. पण इथे मंगल कार्यालयांच्या समितीवरचे लोक बसलेत, केटररही आहेत. तुम्ही एका वेळी शेकडो टेबलक्लॉथ घेता. पुढच्या खरेदीच्या आधी पुरवठादाराकडे वीस धुण्यांनंतरचा चाचणी अहवाल लेखी मागा. तो वाचायला मदत लागली तर माझ्याकडे आणा, मी बसून समजावीन.