पाणी भरणारी पाणी कधी पिते?

नमस्कार श्रोतेहो. हाताशी तांब्या असेल तर आधी दोन घोट घ्या, मग माझं ऐका.

मार्च-एप्रिलात आमच्या वसमतकडं हळदीची धांदल असते. काढायची, शिजवायची, वाळत घालायची. वरून ऊन आणि समोरून कुकरची वाफ. या दिवसांत दवाखान्यात बायका एकच तक्रार घेऊन येतात, "म्याडम, उन्हाळी लागली." लघवीला आग, ओटीपोटात कळ, कुणाला थंडी वाजून ताप. परवा एक मावशी आल्या. विचारलं, सकाळपासून पाणी किती झालं? म्हणाल्या, "एक गिलास. चहाच्या आधी." पहाटे उठून हापशावरून सहा घागरी घरात आणून टाकल्या होत्या त्यांनी. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो, भांड्याचं वजन वेगळंच. त्यातला एक गिलास मावशींचा.

"एवढं कमी का हो?" तर आवाज खाली आणून म्हणाल्या, "पेल्यावर जावं लागतंय. रानात चहूकडं गडीमाणसं. जावं कुठं?"

2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा किती डबे, किती लाख लिटर, हे सगळ्यांच्या तोंडी होतं. घरातली बाई किती पिते, ते तेव्हाही कुणी विचारलं नाही.

आपली दोन मूत्रपिंडं रोज साधारण 180 लिटर द्रव गाळतात. लग्नकार्यात वीस लिटरचे गार पाण्याचे जार येतात ना, तसे नऊ जार! त्यातलं जवळजवळ सगळं पाणी शरीर परत ओढून घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतं. प्यायला कमी पडलं की शरीर आणखी हात आखडतं. लघवी घट्ट होते, क्षारांचे खडे जमायला लागतात. बोअरच्या जड पाण्यानं मुतखडा झाला असं जो तो म्हणतो. मला विचाराल तर पाणी कमी पिणं हा त्याहून मोठा गुन्हेगार. आणि लघवी दाबून धरली की जे जंतू वाहून जायचे ते आत मुक्काम ठोकतात. उन्हाळी लागते ती अशी.

किती प्यावं? सरसकट आकडा सांगणार नाही. उन्हात राबणाऱ्याचा तासाला लिटरभर घामसुद्धा जाऊ शकतो, सावलीत बसणाऱ्याचं तसं नाही. लघवीकडं बघा. करडईच्या तेलासारखी पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. लिंबाच्या सरबतासारखी फिकट असेल तर बरं चाललंय. म्हाताऱ्या माणसांना तहान लवकर कळत नाही, त्यांच्या हातात आपणच पेला द्यावा. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरनं ठरवून दिलं तेवढंच घ्यावं.

जेवणातूनही पाणी मिळतं, दिवसाच्या गरजेचा साधारण पाचवा हिस्सा. पण रानात नेलेल्या फडक्यात काय असतं? भाकरी आणि ठेचा. सोबत मीठ घातलेलं ताक, आंबील, एखादी काकडी गेली तर दुपार निभते.

आणखी एक. बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायची रीत अजून कितीतरी घरांत आहे, "पोट सुटतं" म्हणून. अहो, आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं, ते यायचं कुठून? तिला भरपूर पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईच्या दुधात त्याचं भागतं.

मावशींची लघवी तपासली, औषध दिलं. म्हटलं, मालकाला सांगा, धुऱ्यावर तुराट्यांचा आडोसा करून द्या. खर्च काय त्याला? त्या नुसत्या हसल्या.

आठवड्यानं परत आल्या तेव्हा आग थांबली होती. आडोसाही झाला होता. "पण म्याडम," म्हणाल्या, "गडी तिथंच इड्या ओढीत बसतेत."