कसोटी कोणती? आधी प्रश्न नीट वाचा

मानसशास्त्राच्या परीक्षेत आलेला हा प्रश्न पाहा. दहा प्रयुक्तांनी (प्रयोगात भाग घेणाऱ्यांनी) शब्दांची एक यादी शांत खोलीत पाठ केली, तेवढीच अवघड दुसरी यादी संगीत चालू असताना. शांततेत जास्त शब्द आठवतात का? कोणती सांख्यिकी कसोटी, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोग आहे का हे तपासायची पद्धत, लावाल?

नजर लगेच गुणांच्या तक्त्याकडे धावते. ती थांबवा, कारण निम्मं उत्तर प्रश्नाच्या भाषेतच आहे. इथे फरक शोधायचाय, सहसंबंध (दोन मापं एकमेकांबरोबर बदलतात का) नाही. आणि दोन्ही वेळा माणसं तीच आहेत. एवढ्यावरच मान-व्हिटनी, स्वतंत्र गटांची टी-कसोटी आणि काय-वर्ग या वेगवेगळ्या माणसांच्या गटांसाठीच्या कसोट्या बाद होतात. उरतात तीन.

आता मापनाची पातळी, म्हणजे आकडे नुसती नावं आहेत, क्रम आहेत की समान अंतराची मापं. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मांडलेल्या मापनश्रेणी इथेच कामाला येतात. गुण समान अंतराचे आणि फरकांचं वितरण साधारण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) असेल, तर संबंधित गटांची टी-कसोटी. तेवढी खात्री नसेल, पण फरकांना लहान-मोठा क्रम देता येत असेल, तर विल्कॉक्सन. नुसतं 'वाढलं की घटलं' एवढंच हाती असेल, तर चिन्ह कसोटी.

ही चिन्ह कसोटी हातानेच करून बघू. शांततेत आठ जणांना जास्त शब्द आठवले, एकाला कमी, एकाला सारखेच. सारखेवाला वगळायचा, उरले नऊ. जास्त म्हणजे अधिक, कमी म्हणजे उणे; कमी वेळा आलेलं चिन्ह मोजायचं, त्या संख्येला एस म्हणतात: एस बरोबर १. नऊ जणांसाठी ०.०५ पातळीवर (योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांपर्यंत), द्विपुच्छ कसोटीतही (फरक कोणत्याही दिशेचा चालतो), क्रांतिक मूल्य, म्हणजे तक्त्यातली सीमा, १ आहे. आपलं मूल्य त्याहून जास्त नाही, म्हणजे फरक सार्थक, नुसता योगायोग नाही.

इथे हमखास गोंधळ होतो. चिन्ह कसोटी, विल्कॉक्सन आणि मान-व्हिटनी यांच्या नेहमीच्या तक्त्यांत आपलं मूल्य क्रांतिक मूल्याइतकं किंवा त्याहून कमी लागतं. टी, काय-वर्ग आणि सहसंबंधात नेमकं उलट.

काय-वर्गाचं पथ्य वेगळं. कार्ल पिअर्सन यांची १९०० सालची ही कसोटी गुणांवर नाही, डोकी मोजून आलेल्या वारंवारितेवर चालते. एक माणूस एकाच चौकटीत, एकदाच. आपले दहा जण दोन्ही खोल्यांत आहेत, म्हणून ती इथे चालणार नाही.

आणि प्रश्न बदलला तर? प्रत्येकाची झोप किती तास आणि शब्द किती आठवले, एवढंच दिलं, तर तुलनेला गटच उरत नाहीत. मग सहसंबंध बघायचा: क्रमांवर चालणारा स्पिअरमनचा. आणि दोन्ही मापं समान अंतराची, संबंध सरळ रेषेतला असेल, तर पिअर्सनचा सहसंबंध.